पोट फुगतं, पण सांगायचं कुणाला?



पोट फुगण्याची तक्रार या सदराकडे येते ती बहुधा पत्राच्या शेवटच्या ओळीत. आधी केस गळतात, मग कंबर दुखते, मग थकवा येतो, आणि सही करण्यापूर्वी हळूच एक वाक्य असतं, "शिवाय जेवल्यावर पोट फार फुगतं, पण त्याचं काही विशेष नाही." यावेळी मात्र एका भगिनीनं सगळं पत्र याच विषयावर लिहिलंय. वय ५३. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गेले साडेतीन महिने पोट सारखं तटतटलेलं असतं, परकराची नाडी पूर्वीच्या गाठीवर येत नाही, आणि दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं. ओवा झाला, हिंग झाला, शेजारणीनं सांगितलेला काढाही झाला. घरात बोललं तर "तुझे नेहमीचे गॅसेस" म्हणून विषय संपतो.

या ताईंना उत्तर आधी देते. ताई, आता घरगुती उपाय पुरे. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, पोटाची सोनोग्राफी करून घ्या, आणि पत्रात जे लिहिलंत तेच तिथे शब्दाला शब्द सांगा. असं का म्हणते ते पुढे येईलच. घाबरण्याचं कारण नाही, पण थांबण्याचंही नाही.

आता बाकीच्या सगळ्यांसाठी. कारण फुगणाऱ्या दहा पोटांपैकी बहुतेकांचं मूळ ताटात, घाईत, नाहीतर शौचाच्या वेळेत सापडतं, आणि ते आपल्या हातातलं असतं.

पोटात नेमकं होतं काय?

खाल्लेलं अन्न जठरातून सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात जातं. बरंचसं तिथेच पचतं आणि रक्तात शोषलं जातं. जे पचत नाही ते पुढे दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे सूक्ष्म जिवाणूंची केवढी तरी वस्ती असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजदादीप्रमाणे त्यांची संख्या आपल्या शरीरातल्या पेशींच्या जवळपास बरोबरीची भरते. वजन मात्र पाव किलोहूनही कमी. हे जिवाणू आपले वैरी नव्हेत. आपल्याला न पचलेल्या अन्नावर ते जगतात आणि त्या बदल्यात आतड्याच्या अस्तराला पोसणारी द्रव्यं तयार करतात. इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं की फुगून वर येतं ना? तसंच आंबवणं तिथे चालू असतं. आंबवणं आलं की वायू आलाच.

म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की करा. वायू होणं हा आजार नाही. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर वायू होणं आणि दहा-वीस वेळा तो सरणं हे निरोगी माणसाचंच लक्षण आहे. चार माणसांत लाजेनं तो दाबून धरला की पोट दुखतं, एवढंच. दिवसातून दोनदा गच्चीवर किंवा परसात एकटीनं फेरी मारण्यात काही कमीपणा नाही, बरं का!

त्रास होतो तो कधी वायू जास्त झाला म्हणून, कधी झालेला वायू पुढे सरकत नाही म्हणून. आणि कित्येकदा वायू नेहमीइतकाच असतो, पण आतडं हळवं झालेलं असतं. दुसरीला जाणवणारही नाही तेवढ्या ताणानं तिचा जीव कासावीस होतो. बार्सिलोनातल्या संशोधकांनी तर स्कॅन काढून दाखवलंय की काही जणींचं पोट पुढे येतं ते वायूनं नव्हे. जेवल्यावर छाती आणि पोट यांमधला पडदा खाली दाबला जातो आणि पोटाचे स्नायू सैल सुटतात, म्हणून पोट पुढे येतं. तेव्हा "मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. फुगलेलं पोट खरंच फुगलेलं असतं.

आधी टेप काढा, मग डबे

शिवणयंत्राच्या खणातली टेप घ्या. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, बेंबीवरून पोटाचं माप घ्या. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा घ्या. एका वहीत दोन्ही आकडे मांडा आणि त्यापुढे दिवसभरात काय खाल्लं, कधी खाल्लं, शौचाला झालं की नाही, पाळीचा कितवा दिवस, हे लिहा. दोन आठवडे पुरेत. किराण्याचा हिशोब ठेवणाऱ्या आपण, हे काही अवघड नाही.

रात्री वाढलेलं माप सकाळी पुन्हा जागेवर येत असेल तर बहुधा खाण्याचा, शौचाचा किंवा पाळीचा प्रश्न आहे. सकाळचंच माप आठवड्यागणिक वाढत असेल, तर वही घेऊन सरळ डॉक्टरांकडे जायचं.

घाईचे घास

सगळ्यांना वाढून झाल्यावर, ओट्याशी उभ्या-उभ्या, उरलेलं संपवत जेवायचं, ही आपली जुनी खोड. घाईनं जेवताना अन्नाबरोबर हवाही गिळली जाते, आणि न चावलेला घास आतड्यांना जड जातो. ताट घेऊन बसा. वीस मिनिटं तुमची आहेत, ती कुणी खात नाही. सोडा आणि थंड पेयं म्हणजे तर बाटलीत भरलेला वायूच. साखर नसलेली म्हणून मिळणारी चघळायची गोळी किंवा च्युइंगगम यांतली सॉर्बिटॉलसारखी गोडी पचत नाही, तीही फुगवते.

दुसरी गोष्ट सारखं तोंड चालू ठेवण्याची. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी लहान आतड्यात वरून खाली एक लाट येते आणि उरलंसुरलं पुढे झाडून नेते. घरातली मोलकरीणच म्हणा ना! आपण मध्येच दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं टाकली की ती केरसुणी खाली ठेवून निघून जाते. दोन खाण्यांत तीन-चार तासांचं अंतर ठेवा. पाणी पिण्यास हरकत नाही. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

उपवासाचंही तेच. दिवसभर पोटात काही नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस सगळं एकदम! एकादशी आणि दुप्पट खाशी, मग पोटानं तक्रार केली तर त्याचा काय दोष?

वातूळ कडधान्यं : टाकू नका, वळवा

वाल, पावटे, चवळी, छोले, राजमा यांना आपल्या आज्या 'वातूळ' म्हणत, ते खोटं नाही. त्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडायला लागणारा पाचकरस माणसाच्या आतड्यात नसतोच, त्यामुळे त्या जशाच्या तशा जिवाणूंच्या पुढ्यात जातात. पण म्हणून कडधान्यं बंद करणं चुकीचं. प्रथिनं आणि चोथा यांचा इतका स्वस्त डबा दुसरा नाही. त्यापेक्षा असं करा :

१. आठ ते बारा तास भरपूर पाण्यात भिजत घाला. मध्ये एकदा पाणी बदला, आणि भिजवलेलं पाणी ओतून द्या. त्या शर्करा पाण्यात विरघळतात, त्या पाण्याबरोबर निम्मा त्रास मोरीत जातो.

२. मोड आणा. बी उगवताना आपलं साठवलेलं अन्न स्वतःच खातं, त्यात या शर्कराही संपतात. मोड आणून सोललेल्या कडव्या वालांचं बिरडं म्हणूनच नुसत्या वालांपेक्षा सोसतं.

३. मऊ शिजवा. मोड आलेली कच्ची कडधान्यं कोशिंबिरीत घालण्याची टूम निघाली आहे. हळव्या पोटानं तिच्या वाटेला जाऊ नये. राजमा तर नीट उकळून शिजलेलाच हवा, कच्चा राजमा बाधतो. लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घालू नका, त्यानं ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो.

४. मुगापासून सुरुवात करा. मुगाची डाळ आणि मोडाचे मूग सोसू लागले की मटकी, मग मसूर, मग चवळी. दोन चमचे उसळीनं आरंभ करून दर आठवड्याला थोडं वाढवा. तीन-चार आठवड्यांत आतडी बहुधा सरावतात.

दूध, गहू आणि कांदा-लसूण

लहानपणी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारा रस आपल्याकडे भरपूर असतो. मोठेपणी आपल्या देशातल्या पुष्कळ माणसांत तो कमी होतो. तुम्हालाही तसं होतं का, हे पाहायला दोन आठवडे दूध, खवा, बासुंदी, आइस्क्रीम बंद करा, आणि मग पुन्हा एक पेला दूध घेऊन पाहा. फरक दिसला तरी दूधदुभत्याला हद्दपार करू नका. चहापुरतं दूध बहुतेकींना चालतं. दही-ताक तर त्याहून बरं सोसतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली बरीच साखर आधीच खाऊन बसलेले असतात. दूध फारच कमी केलंत तर नाचणी, तीळ आणि दही यांनी कॅल्शियमची उणीव भरून काढा. चाळिशीनंतर हाडांना त्याची फार गरज असते.

कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाची अशीच न पचणारी शर्करा असते. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड या संशोधकांनी अशा सगळ्या आंबणाऱ्या शर्करांना मिळून 'फॉडमॅप' असं नाव दिलं आणि हळव्या आतड्यांसाठी आहार आखला. त्याचं सूत्र सोपं आहे : दोन ते सहा आठवडे या वस्तू कमी करायच्या, मग एकेक परत घेऊन पाहायची, आणि जी बाधते तेवढीच बेतानं खायची. पुष्कळ जणी पहिल्या पायरीवरच थांबतात आणि वर्षभर भात-मुगावर राहतात, ते बरोबर नाही. पोटातल्या जिवाणूंनाही नाना प्रकारचं खाणं लागतं. जमल्यास हा प्रयोग आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं करा.

स्वयंपाकाची एक युक्ती मात्र लगेच करता येईल. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. फोडणीच्या तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या लाल करा आणि पाणी किंवा भाजी घालण्यापूर्वी काढून घ्या. स्वाद राहतो, त्रास जातो. आणि घरातल्यांना वेगळा स्वयंपाकही करावा लागत नाही.

एक सूचना : गहू सोसत नाही असं वाटलं तर तो परस्पर बंद करू नका. सीलिॲक नावाचा गव्हाचा एक खरा विकार आहे, त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. गहू सोडून मग तपासलं तर विकार असूनही तपासणी कोरी येऊ शकते.

कोठा साफ आहे ना?

मोठं आतडं भरलेलं असेल तर वायू पुढे सरकणार कुठून? तुंबलेल्या मोरीसारखी गत. आणि बायकांत ही तक्रार फार, त्याचं कारणही आपल्याला ठाऊक आहे. सकाळी डबे, मुलांची शाळा, सगळ्यांचं आवरणं. संडासात आपला नंबर शेवटचा. हाक आलेली असते, आपण ती दाबतो. असं वर्षानुवर्षं केलं की हाकच येईनाशी होते. दिवसभर बाहेर जाणाऱ्या तर स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच पीत नाहीत.

सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतड्याला आपोआप चालना मिळते. ती वेळ धरा. घरात सांगून टाका की त्या वेळी दहा मिनिटं मला कुणी हाक मारायची नाही. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, उकिडवं बसल्यासारखं झालं की सोपं जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा लागतो. भाकरी, पालेभाज्या, सालासकट फळं, डाळी यांतून तो मिळतो. पण एका दिवसात ढीगभर कोशिंबीर खाऊ नका, पोट आणखी फुगेल. हळूहळू वाढवा. गव्हाचा कोंडा हळव्या पोटाला मानवत नाही, इसबगोल पुष्कळदा मानवतं. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा, मोठा पेलाभर पाण्यात घालून लगेच प्या, वर आणखी एक पेला पाणी घ्या. कोरडं कधीही घेऊ नका, ते घशात फुगून अडकतं. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

जेवणानंतर लगेच आडवं होऊ नका. दहा-पंधरा मिनिटं सावकाश फेरी मारा. चालण्यानं वायू पुढे सरकतो. रात्री झोपण्यापूर्वी उताणं पडून, एक हात बेंबीवर ठेवून, पाच मिनिटं संथ श्वास घ्या. हात वर-खाली व्हावा, छाती नव्हे.

पाळी आणि औषधं

पाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्यांची चाल मंदावते. गरोदरपणातही तेच. अशा वेळी पोट जड वाटलं आणि पाळी आल्यावर उतरलं, तर चिंता नको. मात्र रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनी मलावरोध होतो आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने वायू होतो, हे ठाऊक असू द्या. गोळ्या आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा वेळ बदलता येते. आम्लपित्तावरच्या कॅप्सूल महिनोन्‌महिने स्वतःच आणून खाणं आणि सर्दी झाली की प्रतिजैविकं घेणं, या दोन्हीनं पोटातल्या जिवाणूंची घडी विस्कटते. थायरॉइड मंद झाला तरी कोठा जड होतो, तीही तपासणी आठवणीत ठेवा.

मसाल्याच्या डब्यातले उपाय

ओवा, हिंग, आलं, बडीशेप, बाळंतशोपा यांनी पुष्कळांना आराम पडतो, घ्यायला हरकत नाही. चिमूटभर ओवा आणि सैंधव जेवणानंतर चावून खा, किंवा पातळ ताकात हिंग-जिरं घालून प्या. बाजारातल्या हिंगात मैदा मिसळलेला असतो, तेव्हा सीलिॲक असलेल्यांनी डब्यावरचं वाचून घ्यावं. फसफसणाऱ्या पुड्या मात्र रोजच्या करू नका. त्या पाण्यात पडल्या की वायूच तयार होतो. ढेकर आला म्हणून बरं वाटतं एवढंच. शिवाय त्यांत सोडियम भरपूर, रक्तदाब असणाऱ्यांना ते घातक.

हे वाचून डबा बंद करू नका

आता सुरुवातीच्या ताईंना घाई का करायला सांगितली ते. अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला गाठ दाखवत नाही, रक्तस्राव बहुधा दाखवत नाही. तो दाखवतो ते हेच : पोट सारखं फुगलेलं, थोडं खाल्लं की भरल्यासारखं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार किंवा घाईनं जावं लागणं. सगळी 'गॅसेस'मध्ये जमा होणारी लक्षणं! म्हणूनच ब्रिटनमध्ये २०११ साली डॉक्टरांना सूचना दिली गेली की, विशेषतः पन्नाशीपुढच्या बाईला ही लक्षणं महिन्यात बारापेक्षा अधिक दिवस होत असतील तर सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या अशा तक्रारीला 'आतड्याचा हळवेपणा' म्हणून सोडून देऊ नये, असंही त्यात आहे. बहुतेकींच्या बाबतीत काहीच निघत नाही, हे खरं. पण ज्या एकीचं निघतं, तिला लवकर कळणं हाच मोठा आधार असतो.

याशिवाय वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त पडणं किंवा काळी शौच होणं, रोज संध्याकाळी कणकण, दुखण्यानं रात्री जाग येणं, रक्त कमी होणं, पोटात गाठ हाताला लागणं, घरात आतड्याचा, स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालेलं कुणी असणं, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. आणि पोट ताठ झालंय, उलट्या होताहेत, शौचही नाही आणि वायूही सरत नाही, असं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध अशा वेळी मुळीच देऊ नका.

डॉक्टरांपुढे बसल्यावर "तसं काही नाही, जरा गॅसेस होतात" असं म्हणायचं नाही. "इतक्या महिन्यांपासून, महिन्यातले इतके दिवस, सकाळचं माप इतकं वाढलंय," असं वही उघडून सांगायचं. आकडा ऐकला की समोरचा माणूस मान वर करून पाहतो, हे आपण भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे अनुभवतोच.

सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या वहिनी, कुणी "माझं नेहमीचंच आहे" म्हणत ओव्याचा डबा शोधत असतील, तर त्यांना एवढंच विचारा : "किती दिवस झाले?" उत्तर महिन्यांत आलं तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. बाईला बहुधा एकटीनं जायचं नसतं, म्हणून जाणं राहून जातं.

दोन आठवड्यांची वही भरून झाली की कुठल्या पदार्थानं काय केलं ते अवश्य कळवा. पत्रात हा विषय शेवटच्या ओळीत नको, पहिल्या ओळीत लिहा.